शाकारणीचे दिवस

वैशाखाचं ऊन तापलं की रत्नागिरीजवळच्या आमच्या घराच्या पाख्यावर दोन गडी चढायचे. आजोबा अंगणात उभं राहून काठीनं दाखवायचे, "कोनवाशाकडची दोन काढ रे, गेल्या साली तिथनंच गळत होतं." मंगलोरी कौलं. बासेल मिशननं 1865 साली मंगळुरात असल्या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कोकणभर पोचली. एकात एक अडकणारी, पण फुटलेलं तेवढंच सरकवून काढता येतं, शेजारच्याला धक्का लागत नाही. गोठ्याच्या माळ्यावर जादा कौलांची चळत कायम असे. आम्ही पोरं खाली साखळी धरून कौलं वर पोचवायचो आणि प्रत्येकाच्या पाठीवरचा कारखान्याचा छाप वाचायचो.

कौलांचं उरकलं की भिंतींची पाळी. चिऱ्यांमधल्या दर्जा कुठे सुटल्यात ते बोट फिरवून बघायचं आणि चुन्यानं भरायच्या. मग पश्चिमेच्या भिंतीला झापं. झड तिकडूनच यायची. माडाच्या झावळ्या भिजवून विणलेली ती झापं बांधली की घर पावसाला तयार झालं, असं आजी म्हणायची. पागोळ्या पडतात त्या रेषेत गोटे पसरलेले असत, म्हणजे चिखल उडून जोत्याला लागत नसे. वाशांच्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल, वाळवीसाठी. हे सगळं मृग लागायच्या आत. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळणाऱ्या मुलखात हे लाड नव्हते, गरज होती.

आजोबा गेले, गडी मुंबईला गेले, आम्हीही गेलो. दरवर्षीची ही धावपळ एकदाच काय ती संपवू, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. करणाऱ्यानं सांगितलं, आता पन्नास वर्षं बघायला नको. पहिल्या पावसात भिंत खरंच देखणी दिसली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर आतल्या बाजूला, देवघराच्या कोनाड्याखाली, पांढरा खार फुटला. वर्षभरात बाहेरचा गिलावा फुगला. हातानं ठोकला तर पोकळ वाजायचा.

आमचे चिरे जांभ्याचे, आणि जांभा पाणी पितो. खाणीतून निघतो तेव्हा तो इतका मऊ असतो की हत्यारानं सहज तासता येतो. हवा लागली की टणक होतो, पण सच्छिद्रच राहतो. जमिनीतून चढलेली, फटीतून शिरलेली ओल त्याला बाहेर टाकावी लागते. चुना तिला वाट देतो. सिमेंट देत नाही, मग ती आतच राहते आणि तिच्यातले क्षार दगडाला पोखरतात. गिलावा काढायला लागलो तेव्हा सिमेंटबरोबर चिऱ्याचे पापुद्रे निघून आले. माझ्या पणजोबांनी बसवलेला चिरा माझ्या हातात भुगा होऊन आला. त्या दिवशी रडू आवरलं नाही.

चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला दोन महिने लागले. त्यानं खड्ड्यात चुना मुरवला, वाळू चाळून घेतली, आणि घाई केली नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश घट्ट होतो, त्याला वेळ द्यावाच लागतो. दोन पावसाळे झाले, देवघराची भिंत कोरडी आहे.

वाडीतल्या बऱ्याच घरांवर आता अख्ख्या छपरावरून पत्र्याची शेड आली आहे. मी त्यांना नावं ठेवणार नाही. वर चढणारं माणूसच उरलं नसेल तर काय करायचं? पण शेड झाली की खालच्या कौलांकडे कुणी मान वर करून बघत नाही, आणि वाळवी लागली तर ती वासा खाली आल्यावरच कळते. अंगणात लाद्या घालून उतार घराकडे ठेवलेला मात्र बघवत नाही. पाणी सरळ जोत्याखाली जातं. असली चूक एका दिवसात सुधारता येते.

गावी तुमचं जुनं घर असेल तर यंदा मे महिन्यात आंब्यांबरोबर त्याच्यासाठीही दोन दिवस काढा. शिडी लावा, फुटकी कौलं मोजा, पन्हळीतला पालापाचोळा काढा, दर्जांवरून बोट फिरवून बघा. आणि कुणी सिमेंट सुचवलं, तर आधी चुना जाणणाऱ्याला विचारा.