मातृवृक्ष आधी, बाटली नंतर

नरक्या हे सह्याद्रीच्या सदाहरित रानातलं लहानसं झाड. १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी मूळच्या चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं केलं. पुढे १९७२ मध्ये ते नरक्यातही आढळलं. याच द्रव्यापासून घडवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं आज कर्करोगावर दिली जातात. द्रव्य लाकडात, सालीत आणि मुळांत असल्यामुळे औषध काढायचं म्हणजे झाड तोडायचं. म्हणूनच प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरने रोपं करून शेतात लावावीत, हा उपाय लगेच सुचतो. तो मला पटतो, पण एका अटीवर: रोपं किती झाली हे सांगण्याआधी ती कोणत्या झाडाची, हे सांगता आलं पाहिजे.

टिश्यू कल्चरचं, म्हणजे बाटलीत रोपं वाढवण्याचं तंत्र आता बरंच हाती आलं आहे. सायटोकायनिन या वनस्पती-संप्रेरकाचं प्रमाण वाढवलं की कोंब फुटतात, ऑक्सिन या दुसऱ्या संप्रेरकाचं वाढवलं की मुळं, हे स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्येच दाखवलं. खरी कसोटी बाटलीत लावायचा झाडाचा डोळा निवडताना लागते. बीपासून उगवलेल्या कोवळ्या रोपाचा डोळा माध्यमात चटकन फुटतो. पण मोठेपणी त्या झाडात द्रव्य किती भरेल, हे कोणालाच ठाऊक नसतं. उलट ज्या जुन्या झाडाचं द्रव्य मोजून झालंय, त्याचा डोळा बुरशीने भरतो, काळा पडतो, फुटता फुटत नाही. सोपी वाट आकडा वाढवते, अवघड वाट औषध वाढवते. आपण अवघड वाटच धरली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, जनुकं तीच असली तरी माती, पाऊस आणि वय यांनी द्रव्य बदलतं. खरं आहे, म्हणून शेतात लावलेल्या झाडांचीही तपासणी हवी. चांगला मातृवृक्ष, म्हणजे ज्याचा डोळा घेतला ते झाड, शक्यता देतो, हमी नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: एकाच झाडाच्या हजारो प्रती म्हणजे एकाच रोगाला आमंत्रण. त्यावर उपाय वेगवेगळ्या डोंगररांगांतले अनेक मातृवृक्ष निवडणं. शिवाय प्रत्येक प्रत मूळ झाडासारखीच राहावी म्हणून कॅलसचा, म्हणजे पेशींच्या अघडित गोळ्याचा मार्ग टाळून थेट डोळ्यातून कोंब घ्यावेत, कारण कॅलसमधून आलेल्या रोपांत अनपेक्षित बदल होण्याचा धोका जास्त. बी स्वस्त पडतं, हेही मान्य. रान पुन्हा उभं करायला बीच वापरावं. तिथे विविधता हवी. शेतकऱ्याला मात्र वर्षानुवर्षं थांबून कापायचं पीक हवं असतं, आणि तिथे अंदाजावर भागत नाही. म्हणून प्रत्येक रोपासोबत मातृवृक्षाची नोंद आणि त्यातल्या द्रव्याचं मोजमाप द्यायलाच हवं. ते न देणारी प्रयोगशाळा शेतकऱ्याला नुसती हिरवी पानं विकते, आणि औषधासाठी कुऱ्हाड पुन्हा रानातच चालते.