अपयशाचे वाटेकरी

वाल्या कोळ्याने आणलेली लूट घरच्यांनी खाल्ली; पापाचा वाटा मात्र कोणी घेतला नाही. अजित वाडेकरांचे नाव निघाले की आम्हांस ही कथा आठवते आणि मान खाली जाते. १९७१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने प्रथम वेस्ट इंडिजमध्ये व मागाहून इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. यापूर्वी दोन्हीकडे असे कधीच घडले नव्हते. ओव्हलवर शेवटच्या सकाळी ४५ धावांवर धावचीत झालेला हा कर्णधार आत जाऊन खुशाल झोपी गेला, असे सांगतात. त्या निद्रेचे आम्ही केवढे कौतुक केले! १९७४ साली लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत गारद झाला, मालिका ३-० अशी गेली, आणि तीच निश्चिंती आम्हांस बेफिकिरी वाटू लागली. माणूस तोच होता. पालटलो ते आम्ही. पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेल्यावर वाडेकरांनी खेळास रामराम ठोकला. पुढे १९९३ साली ते संघाचे व्यवस्थापक असताना भारताने इंग्लंडला मायदेशी ३-० असेच नमविले, तेव्हा आम्ही पुन्हा टाळ्या पिटल्या. २०१८ साली ते निवर्तले. १९७४ च्या अपयशातील आमचा वाटा उचलावयाचा तो राहूनच गेला.