शेवया ते सोल, व्हाया नंदुरबार

गेल्या हिवाळ्यात वीकेण्डला नंदुरबारला मावशीकडे गेले. बॅगेत कोरियन नूडल्सची पाकिटं, कारण सध्या आपण सगळेच के-ड्रामाचे फॅन! शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. नजर जाईल तिथवर लालभडक मिरची वाळत पडलेली. शिंकांनीच स्वागत झालं म्हणा ना!

रात्री मी झणझणीत रामयॉन शिजवलं. मावशीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, ‘हाई ते आपली शेवई शे! फक्त तिखट टाकेल शे.’

हसू नका. मावशीचं हे लॉजिक धरून कोरियन मेन्यू वाचा, एकदम सोपा होतो. रामयॉन म्हणजे झटपट नूडल्स, कोरियात १९६३पासून. सोम्यॉन गव्हाच्या, बारीक, थेट आपल्या शेवयांची बहीण. लांब नूडल्स म्हणजे दीर्घायुष्य, म्हणून लग्नात यांचंच ‘जान्ची गुक्सू’ वाढतात. कालगुक्सू सुरीने कापलेल्या, जाडसर. नेंगम्यॉन कुट्टूच्या पिठाच्या, तेही बर्फगार रश्शात! आणि जापचेसाठी लागतात रताळ्याच्या स्टार्चच्या पारदर्शक नूडल्स. कुरडईला आपण गव्हाचा चीक काढतो, तसंच काहीसं.

मावशी कौतुकाने ऐकत होती. मग सहज म्हणाली, ‘यंदा शेवया विकतच आणल्या गं. गुडघे साथ देत नाहीत.’

मी गप्प. सातासमुद्रापारचे पाच प्रकार तोंडपाठ, घरातला एकही येत नाही!

म्हणून येत्या मे महिन्यात एकही असाइनमेंट घेतलेली नाही. शेवयांचा पाट मावशीचा, गुडघे माझे.