सोमवार म्हटलं आणि बाहेर गेलो

खेळ मला तिघांनी समजावून सांगितला, आणि तिघांनी तीन तऱ्हांनी. मित्र म्हणाला, "सोपं आहे. आपला शब्द सांगायचा नाही, पण कळेल असं बोलायचं." त्याची पुतणी म्हणाली, "काका, फक्त चेहरा सरळ ठेवा." त्याची आई म्हणाली, "तू बस रे, बघून बघून येतं."

मी मूळचा सोलापूरकडचा. नोकरीसाठी तारापूर एमआयडीसीत आलो, बोईसरला खोली घेतली. मित्र जवळच्याच समुद्रकाठच्या मुरबे गावचा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दिवसांत मुरब्यात बोटी वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि एरवी समुद्रावर असणारी माणसं घरात. बाहेर धो धो पाऊस. खाडीपलीकडची सातपाटीसुद्धा दिसत नव्हती. अशा संध्याकाळी सात-आठ माणसं जमली की हा खेळ सुरू होतो.

लहानपणी आपण चिठ्ठ्या टाकून राजा-राणी-चोर-शिपाई खेळायचो. तिथं शिपाई नुसत्या चेहऱ्यावरून चोर ओळखतो. इथंही चिठ्ठ्याच असतात, पण चोराला आपण चोर आहोत हेच ठाऊक नसतं. एक जण खेळत नाही, तो शब्द लिहितो. सगळ्यांच्या चिठ्ठीवर एकच शब्द, फक्त एकाच्या चिठ्ठीवर त्याच्या जवळचा दुसरा. समजा सगळ्यांना 'चहा' आणि एकाला 'कॉफी'. मग प्रत्येकानं आपल्या शब्दाबद्दल एकच शब्द बोलायचा. फेरी झाली की वाद घालायचा आणि बोट दाखवून एकाला बाहेर काढायचं. वेगळ्या चिठ्ठीवाला बाहेर गेला तर बाकीचे जिंकले. शेवटी दोघंच उरेपर्यंत तो टिकला तर तो जिंकला. कधी एक चिठ्ठी कोरीच ठेवतात. त्या बिचाऱ्यानं दुसऱ्यांचं ऐकून थापा मारायच्या, आणि पकडला गेलाच तर शब्द ओळखायची एक संधी घ्यायची.

लपलेला चोर शोधायच्या अशा खेळांचं मूळ 'माफिया' या खेळात आहे. 1980च्या दशकात मॉस्कोत मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव्हनं तो तयार केला. शब्दांचा हा प्रकार मुलं मोबाइलवर 'अंडरकव्हर' नावानं खेळतात. पण मोबाइलमधल्या शब्दांत मित्राच्या आईला, म्हणजे काकूंना, गंमत वाटेना, म्हणून मुलांनी घरचे शब्द काढले. घरचे म्हणजे अर्थातच समुद्रातले.

पहिला डाव मी नुसता पाहिला. सगळ्यांना 'घोळ', एकाला 'दाढा'. दोन्ही मासे मोठे, दोन्ही महाग. एका पोरानं पहिल्याच फटक्यात म्हटलं, "लॉटरी." सगळे हसले. ऑगस्ट 2021 मध्ये मुरब्याच्याच एका बोटीला 157 घोळ मासे लागले आणि 1 कोटी 33 लाख रुपयांना विकले गेले, हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. पण नेमकं तिथंच चुकलं. दाढावाल्यानं 'लॉटरी' ऐकलं, बाकीच्यांची चिठ्ठी न बघताच वाचली आणि आपली पाळी आल्यावर शांतपणे म्हणाला, "कोटी." त्याला शेवटपर्यंत कोणी पकडलं नाही. इशारा इतका उघड दिला की तो चोरालाच उपयोगी पडतो, एवढं माझ्या डोक्यात शिरलं.

दुसऱ्या डावात मला चिठ्ठी मिळाली. उघडली तर 'जवळा'. जीव भांड्यात पडला, कारण हा मला माहीत होता: सुका जवळा म्हणजे आमच्याकडची सुकट. फेरी सुरू झाली. वहिनी म्हणाल्या, "बारीक." पुतणी म्हणाली, "डोळे." (जवळ्याचा एवढासा देह आणि त्यात काळा ठिपक्यासारखा डोळा, हे मी नंतर ताटात पाहिलं.) काकू म्हणाल्या, "भाकरी." माझी पाळी आली. आमच्या गावचा बाजार सोमवारी भरतो, सुकट विकणारी बाई त्याच दिवशी येते. उघड बोलायचं नाही हे तर मी नुकतंच शिकलो होतो. म्हटलं, "सोमवार."

घरात शांतता. मग एकदम गलका. "सोमवारी कोण मासळी खातं?" "यांची चिठ्ठी वेगळी!" वाद त्यांच्या मांगेली बोलीत गेला आणि मला त्यातलं माझं नाव तेवढं कळत होतं. मी बाजार, गाव, सुकट विकणारी बाई असं सगळं सांगू लागलो. जितकं सांगावं तितका संशय वाढत गेला. सगळी बोटं माझ्याकडे. बाहेर.

चिठ्ठी उलटली तर 'जवळा'. वेगळी चिठ्ठी काकूंची होती: 'करंदी', म्हणजे जवळ्याहून मोठी कोळंबी. पुतणीनं 'डोळे' म्हटल्यावर त्यांनी ओळखलं की बाकीच्यांकडे जवळा आहे. करंदीचं काहीही न बोलता त्यांनी दोन्हींना चालेल अशी भाकरी पुढं केली आणि मला बाहेर काढताना पहिलं बोटही त्यांचंच होतं. वर म्हणाल्या, "अरे, तू खरं बोलत होतास, पण आमच्यातलं बोलत नव्हतास."

लबाडी ओळखण्याचा खेळ म्हणून याची ख्याती आहे. माझ्या मते त्यात अनोळखी माणूसच आधी ओळखला जातो. खरा चोर इतरांचं ऐकून त्यांच्यासारखं बोलतो. परका प्रामाणिकपणे आपलं बोलतो आणि म्हणून सापडतो. मी तरी पुढच्या डावात तोंड उघडण्याआधी तिघांचं ऐकून घेतलं आणि बराच वेळ टिकलो.

तुम्हाला खेळायचं असेल तर सहा ते आठ माणसं बरी. कमी असतील तर डाव लगेच संपतो. जोड्या फार लांबच्या नकोत: 'पापलेट' आणि 'हलवा' चालेल, 'पापलेट' आणि 'बोट' नाही. आणि घाटावरचा पाहुणा आला असेल तर पहिले दोन-तीन डाव 'एसटी' आणि 'लोकल' यांवर खेळा. मासळी जेवणानंतर काढा.