भुंकणारं कुत्रं चावत नाही, म्हणूनच!

मैत्रिणींनो, अमेरिकेला जाऊन आलेली बाई आता नायगाऱ्याचं आणि तिथल्या मोठमोठ्या दुकानांचं वर्णन करणार, असं तुम्हांला वाटलं असेल. पण माझ्या मनात घर करून राहिली ती लुइझियाना राज्यातल्या एका शेतावरची कुत्री!

माझे धाकटे दीर तिथं अलेक्झांड्रिया गावात असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं आणि आमचा दहा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे गेलो होतो. एका रविवारी भावजींनी आम्हांला कॅटहूला सरोवराच्या बाजूला, ओळखीच्या एका आजीबाईंच्या शेतावर नेलं. वाटेत पाइनची जंगलं, मधूनच दलदल, आणि पाण्यातच उभी असलेली सायप्रसची झाडं. हवा मात्र आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखी, घामानं नुसती चिकचिक!

आजीबाईंचं मक्याचं शेत पाहिलं आणि पोटात कालवलं. नांगर फिरवावा तशी जमीन उकरलेली, ताटं आडवी झालेली. एका रात्रीत रानडुकरांनी केलेला हा प्रताप! कोकणात माझ्या माहेरीही हे दुखणं आहेच. पण तिथली डुकरं मूळची तिथली नव्हेत. १५३९ साली दे सोटो हा स्पॅनिश सरदार फ्लॉरिडात उतरला, तेव्हा त्यानं बरोबर डुकरं आणली होती. पुढं वसाहतवाल्यांनीही आपली डुकरं रानात मोकळी सोडली. त्यांतली कितीतरी रानटी झाली. वर्षात दोनदासुद्धा विणारी ही जात, मग काय विचारता! म्हणून तिथं ती मारायला मोकळीक आहे, आणि त्या कामी कुत्री लागतात.

या भागातल्या कुत्र्यांच्या जातीलाही कॅटहूला हेच नाव. १९७९ साली तिला राज्याचा कुत्रा म्हणून मान मिळाला. अंगावर ठिपके, आणि कित्येकांचा एखादा डोळा काचेच्या गोटीसारखा निळा-पांढरा. मी तर पहिल्यांदा दचकलेच! आजीबाई हसून म्हणाल्या, “डोळ्यावर भुलू नका. कुत्रं पांढरंफेक निघालं, तर आधी कान तपासते मी. त्यांत बहिरी पुष्कळ निघतात. हाक ऐकू न येणारं कुत्रं रानात गेलं की गेलंच.”

मग त्यांनी एकेक गुण सांगितला. बायका भाजी निवडतात ना, तितक्या चोखंदळपणे! पायाच्या बोटांमध्ये पडदा हवा, चिखलात पाय कमी रुततो. माग काढताना तोंड मिटलेलं हवं, नाहीतर डुक्कर आधीच सावध होऊन पळतं. हरीण आडवं गेलं तरी ढुंकून पाहता कामा नये. आणि डुक्कर सापडलं, की मात्र त्याच्यासमोर उभं राहून सारखं भुंकायचं. चावायचं नाही, हटायचंही नाही. मालक येईपर्यंत त्याला जागीच खिळवून ठेवायचं. धरणारी दणकट कुत्री वेगळी असतात. त्यांना जाड चिलखत घालून शेवटी सोडतात.

“पण शूर कुत्रा अंगावर धावून जाईलच ना?” मी विचारलं. त्यांनी एका म्हाताऱ्या कुत्रीची कूस दाखवली. सुळ्यानं फाटलेली, टाके घातलेली लांबच लांब खूण. “ही वाचली. हिचा भाऊ हिच्याहून शूर होता. तो दोन वर्षांचासुद्धा झाला नाही.”

त्या दिवशी त्यांना पाच पिल्लांतून एक ठेवायचं होतं. कुंपणापलीकडे डुकराचं पिल्लू सोडलं. एक गुबगुबीत पिल्लू जाळीवर तुटूनच पडलं. भावजी म्हणाले, “हाच वाघ!” एक चिमुकली कुत्री मात्र दोन हात दूर उभी राहून, नजर न काढता भुंकत राहिली. आजीबाईंनी तिलाच उचललं.

माझा मुलगा हळूच म्हणाला, “आई, ती भित्री नाहीये, हो ना?”

मैत्रिणींनो, माझ्या काळजात चर्र झालं. जूनमध्ये शाळा सुरू होताच एक दांडगट मुलगा लहानग्याला मारत होता. आमचा मुलगा मध्ये उभा राहिला, सर येईपर्यंत हटला नाही, पण हातही उचलला नाही. फाटका सदरा घेऊन घरी आला, तेव्हा मी, शाळेत शिकवणारी बाई, काय म्हणाले असेन? “एक ठेवून का दिली नाहीस? भित्रा कुठला!”

“नाही रे राजा, भित्री नाही ती,” एवढंच मी म्हणू शकले. परतताना गाडीत तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. सदरा मी तेव्हाच शिवला होता. ते ‘भित्रा’ मात्र उसवायचं राहिलं होतं. रात्री त्याला उठवून जेवायला वाढताना तेही सांगून टाकलं.