हर्न हिलची एक सकाळ

लंडनला मुलाकडे निघताना इंदूरच्या आप्तेष्टांनी पाहावयाच्या स्थळांची जी लांबलचक यादी आमच्या हाती दिली होती, तीत हर्न हिलचे नाव नव्हते. तिथे आम्ही उभयता गेलो ते सूनबाईंचे दूत म्हणून. आमची सोळा वर्षांची नात गेल्या वर्षी शाळेतून सायकलवर परत येत असता, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारीचे दार एकाएकी उघडले आणि पोरीचे खांद्याजवळचे हाड मोडले. हाड यथावकाश सांधले. पण सायकल सोडून देण्याऐवजी तिने शर्यतीच्या सायकलींचा सराव सुरू केला, आणि सायकली तरी कसल्या, तर ज्यांना ब्रेकच नसतो! आईचा जीव थाऱ्यावर कसा राहावा?

“मला तिथं उभं राहून बघवणार नाही,” सूनबाई म्हणाल्या. “तुम्ही दोघं जाऊन या, आणि काय दिसलं ते सांगा. तुम्ही नको म्हणालात तर ती ऐकेल.”

हे शेवटचे वाक्य आम्हांला वाटभर जड झाले होते.

हर्न हिल हे दक्षिण लंडनमधले एक उपनगर. स्थानकातून उतरून बर्बेज रोडने चालू लागले की दुतर्फा शांत घरे आणि त्यांच्यापुढे निगुतीने राखलेल्या बागा. इथे क्रीडांगण असेल अशी शंकाही येत नाही. मग दोन घरांच्या मधून एक बोळवजा वाट आत जाते, आणि त्या वाटेच्या टोकाशी एखादी भली थोरली परात ठेवावी तसे मैदान उघडे होते. मध्ये हिरवळ, तिच्याभोवती साडेचारशे मीटरांचा लंबवर्तुळाकार मार्ग, वळणांवर बाहेरची कड उचललेली, आणि सभोवार झाडे व घरांच्या पाठी. वर छप्पर नाही.  २०१२ च्या ऑलिंपिकसाठी पूर्व लंडनमध्ये बांधलेला लाकडी, अडीचशे मीटरांचा, भिंतीसारख्या चढाचा बंदिस्त व्हेलोड्रोम आम्हांला मुलाने आधी दाखविला होता. त्याच्यापुढे हे म्हणजे राजवाड्यापुढे जुना वाडा. पण जुन्या वाड्यातच मन रमते, हा आमचा स्वभावदोष म्हणा.

वाडा जुना खराच. १८९१ मध्ये तो सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना अडविणारे फुगे येथून आकाशात सोडलेले असत. युद्ध संपल्यावर १९४८ चे ऑलिंपिक लंडनला आले तेव्हा देश इतका ओढगस्तीत होता की नवी बांधकामे करण्याची सोय नव्हती. हेच मैदान डागडुजी करून सायकल-शर्यतींसाठी वापरले गेले. दिव्यांची व्यवस्था नसल्याने जोडसायकलींची अंतिम शर्यत अंधुक संधिप्रकाशात उरकावी लागली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारताचे सायकलपटूही त्या वर्षी इथे धावले, आणि त्यांत मुंबईचे पारशी तरुण होते. हे ठाऊक झाल्यावर त्या मैदानाकडे आम्ही जरा निराळ्या डोळ्यांनी पाहू लागलो. पुढे हे शतक उजाडल्यावर भाडेपट्ट्याचा घोळ झाला, प्रेक्षकांचा स्टँड बंद पडला आणि मैदानही आता जाणार अशी लक्षणे दिसू लागली. तेव्हा आसपासचे रहिवासी आणि सायकलवाले यांनी चळवळ उभारली. २०११ मध्ये मार्ग नव्याने केला गेला आणि २०१७ मध्ये नवे पॅव्हेलियन उभे राहिले.

आम्ही पोहोचलो तेव्हा दहाबारा मुलेमुली कठड्याला धरून सायकलींवर बसलेली होती. नात त्यांत. तिने आमच्याकडे पाहिले. हात मात्र हलविला नाही.

बिनब्रेकच्या सायकलीचे आम्हांला खरे तर नवल वाटू नये. लहानपणी रामबागेत तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलीवर दांड्याखालून पाय घालून ‘कैची’ मारीत आम्ही शिकलो; त्या सायकलींचे ब्रेक बहुधा शोभेपुरतेच असत आणि थांबण्याचे खरे साधन म्हणजे पुढच्या चाकावर दाबलेली चप्पल. परंतु इथली गोष्ट वेगळी. या सायकलीला फ्री-व्हील नसते. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच, आणि पायडल फिरते तोवर पायही. वेग कमी करावयाचा तर पाय हळूहळू आवरावयाचे, किंवा वळणाच्या चढावर थोडे वर जायचे. मनात आले की गचकन थांबण्याची सोयच नाही.

सराव सुरू झाला. प्रशिक्षिका, एक करड्या केसांच्या बाई, मधल्या हिरवळीच्या कडेला उभ्या राहून सूचना देत होत्या. आठजण एकामागे एक, पुढच्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतर राखून निघाले. सर्वांत पुढचा वारा कापतो. मागच्यांचे श्रम त्यामुळे पुष्कळच वाचतात. म्हणून पुढचेपण सर्वांनी पाळीपाळीने घ्यायचे. एक फेरी झाली की पुढचा वळणावर बाहेरच्या बाजूने चढावर जातो, चढामुळे त्याचा वेग आपोआप मंदावतो, रांग त्याच्या खालून निघून जाते, आणि शेवटचे चाक गेले की तो उतरून शेपटाला लागतो. रहाटाची गाडगी वर जावीत आणि खाली यावीत तसे ते अखंड चालले होते. चाकांचा घूंऽ असा आवाज जवळ येई, अंगावर वाऱ्याचा झोत येई, आणि रांग पलीकडे पोहोचलेली असे.

नातीची पाळी आली. ती चढावर गेली खरी, पण उतरायला क्षणभर उशीर झाला. तिच्यात आणि रांगेत चारपाच हात अंतर पडले, आणि ते भरून काढण्यासाठी ती जिवाच्या आकांताने पाय मारू लागली. त्याच वेळी मागून एक दुसरा, अधिक वेगवान गट बाहेरच्या बाजूने येत होता. आमच्यापैकी एकीने रामरक्षा सुरू केली. दुसऱ्याच्या तोंडून, इतक्या दुरून तिला ऐकू जाणे शक्य नव्हते तरी, “अगं, थांब!” असे शब्द निघालेच. नेमक्या त्याच क्षणी मागच्या गटातून आरोळी आली, “स्टे!”

आम्हांला वाटले, तेही तिला थांबायलाच सांगत आहेत. ती थांबली नाही. मान वळवली नाही, डावीउजवीकडे सरली नाही. आहे त्याच रेषेवर, आहे त्याच वेगाने जात राहिली, आणि तो सबंध गट तिच्या उजव्या अंगाने, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळून, सुरळीत निघून गेला.

सराव संपल्यावर आम्ही बाईंना त्या आरोळीचा अर्थ विचारला. त्या हसून म्हणाल्या की इथे तिचा अर्थ ‘थांब’ असा नाही. ‘आम्ही बाजूने येत आहोत, तू आहेस तशीच जात राहा’ असा आहे. मग ब्रेक का नसतो तेही त्यांनी सांगितले. वीतभर अंतरावर चालणाऱ्या रांगेत एकाने घाबरून ब्रेक दाबला तर त्याच्या मागचे सगळे त्याच्यावर येऊन आदळतील. म्हणून नवख्याला आधी शिकवायचे ते वेगाने जाणे नव्हे, एकाएकी काही न करणे. ते आल्याशिवाय गटात सोडीत नाहीत. तुमची मुलगी मागच्या महिन्यापर्यंत एकटीच फेऱ्या मारीत होती, त्या म्हणाल्या. घरी हे ठाऊक नव्हते. अर्थात इथे कुणी पडतच नाही असे त्यांनी सांगितले नाही. पडतात, आणि खरचटतेही पुष्कळ.

आम्हांला आमच्याच “थांब!”ची थोडी लाज वाटली. ती ऐकती तर?

परतताना नात दोघांच्या मधून चालत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “आजोबा, आईला काय सांगणार?”

“पाहिलं ते,” आम्ही म्हटले.

“माझं अंतर पडलं, तेही?”

“तेही.”

घरी पाने मांडलेली होती. सूनबाईंनी लगेच काही विचारले नाही. आमटी वाढता वाढता, नात हात धुवायला गेल्याचे पाहून, हळूच म्हणाल्या, “ब्रेक खरंच नसतो, बाबा?”

“नसतो,” आम्ही म्हटले, आणि मग पाहिले ते सगळे, पडलेल्या अंतरासकट आणि त्या आरोळीसकट, सांगितले. “पडणार नाही असं आम्ही म्हणत नाही. पण नको म्हणायला आमची जीभ उचलत नाही.”

त्या डाव हातात धरून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग भात वाढीत त्यांनी विचारले, “पुढच्या शनिवारी किती वाजता असतं?”