विलायतेतले वाळलेले झाड

विलायतेत परसातले झाड आपले असले, तरी दर वेळी आपल्या मर्जीने तोडता येत नाही. १९९० च्या नगररचना कायद्याने तिथली कौन्सिल झाडाला संरक्षण देऊ शकते. असे झाड जिवंत असेल तर लेखी परवानगी लागते. वाळलेले असेल तर परवानगी नको, पण कामाचे ५ दिवस आधी लेखी कळवावे लागते. झाड मेले हे सिद्ध करण्याची जबाबदारीही मालकाचीच.

आमच्या घरामागचे अ‍ॅशचे झाड बुरशीच्या रोगाने वाळले. फांद्या शाळेच्या वाटेवर झुकल्या. चौकशी केली तर झाड संरक्षित! गावाहून आलेल्या आत्या म्हणाल्या, “कुणा साहेबाची ओळख काढतोस का?” ओळख लागली नाही. फोटो, पत्ता आणि साधा अर्ज पुरला. करवत लावण्याआधी ढोली मात्र तपासली. वटवाघळांचा निवारा मोडणे तिथे गुन्हा आहे.

मेलेल्या झाडाच्या जागी नवे लावणे हेही मालकाचे कर्तव्य. बुद्धगयेचा जुना बोधिवृक्ष १८७६ मध्ये वादळात पडला आणि १८८१ मध्ये कनिंगहॅम यांनी तिथे रोप लावले, हे आम्ही मुलांना रोप लावतानाच सांगितले.

महाराष्ट्रातही शहरांसाठी १९७५ चा वृक्ष कायदा आहे. बांधवांनो, वस्तीतले वाळके झाड घरांवर झुकले असेल तर कुणाच्या पाया पडू नका. अर्ज लिहा, पोच घ्या, ती जपून ठेवा. जयभीम!